पान एकशे बारा

मैत्रिणी तिला तळटीप म्हणत. 'बाहेर ऊन आहे' एवढं सांगायचं तरी ती कुणाचा तरी हवाला देई. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिचं स्वतःचं म्हणून एक वाक्य सापडेल तर शपथ.

विषय मात्र तिचाच होता. पाळी बदलताना नर्सेस एकमेकींना रुग्णांची माहिती कशी देतात, हा. आठ महिने ती वॉर्डात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पायांचे तुकडे पडले. तिथे तिला एक गोष्ट दिसली. वॉर्डाच्या नोंदवहीत सही झाली, की जाणारी नर्स दारापाशी थबकते आणि खरं महत्त्वाचं ते तिथे बोलते. सात नंबर पाणीसुद्धा घेत नाहीये, लक्ष ठेव गं. वहीत हे कधीच येत नाही.

पण हे म्हणणारे आपण कोण? या धास्तीने तिने त्या वाक्यामागे एका जुन्या, जाडजूड पुस्तकाचा संदर्भ जोडला. पान एकशे बारा. कोण उघडून बघतंय?

सहामाही आढाव्याला आलेल्या परीक्षकांनी उघडून बघितलं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. हे प्रकरण अडलं, तर नोंदणीच रद्द.

"एकशे बारावर औषधांच्या साठ्याबद्दल लिहिलंय," परीक्षक म्हणाले. "मग हे कुणाचं?"

"माझं. मी पाहिलंय."

"लोक दुसऱ्याचं ढापून आपलं म्हणतात. तुमची तऱ्हाच उलटी."

पुरावा म्हणून त्यांनी चिंतनवही मागितली. रोज काय पाहिलं, काय वाटलं, कुठे चुकलं, ते तिच्यात लिहायचं होतं. तिने ती एका रविवारी तीन वेगवेगळ्या पेनांनी भरून काढली होती. आठ महिने, पानोपानी, 'आज खूप शिकायला मिळाले.' दाराचा उल्लेख कुठेच नव्हता. परीक्षकांनी चार पानं उलटली आणि वही हळूच मिटली.

तीन आठवड्यांत पुन्हा पाहून सिद्ध करा, नाहीतर प्रकरण बाद, असं ठरलं. खोट्या संदर्भाचा शेरा फायलीत राहणार तो राहणारच.

बाहेर आल्यावर मार्गदर्शक मॅडम कुरकुरल्या, मला एकदा विचारायचं तरी होतंस. तिचा तोल गेला.

"काय विचारणार, मॅडम? पहिल्या मसुद्यात मी 'मला वाटतं' लिहिलं होतं. तुम्हीच लाल शाईने खोडून वर लिहिलंत, कोण म्हणतं?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना बस गाठायची होती.

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, झालं का गं एकदाचं? पास नाही आणि नापासही नाही, असं ती म्हणाली. मावशीला फोनवर नेमकं काय सांगू, या विवंचनेत आई पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात हजर. या खेपेला चिंतनवही उघडी, पेन हातात. सही झाली. जाणारी नर्स दारापाशी आली, थबकली. तिची नजर हिच्या वहीवर गेली. पर्स खांद्याला लावून ती मुकाट निघून गेली. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर दोघी नर्सेसनी एकमेकींकडे पाहून तिला खुर्ची आणून दिली.

तिला वही फेकून द्यावीशी वाटली. खुर्चीवर टेकून तिने दात-ओठ खात लिहिलं, 'तीन दिवस दारात कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, ते माझ्यामुळे. लिहिताना मी दिसते. आधी दिसत नव्हते.'

मागे संदर्भ जोडायला हात गेला. जोडण्यासारखं कुणी नव्हतं. अठरा दिवस उरले होते.