वर केलेली करंगळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. शेजारच्या मैत्रिणीपाशी मी सासरच्या यच्चयावत कागाळ्या केल्या — पण हे तिलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर मध्येच थांबवून म्हणाला असतात, जाऊ द्या हो बाई, किती जुनी गोष्ट. आणि मी थांबलेही असते. थांबायला मला निमित्तच हवं असतं.

मी नाशिकला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सत्तरचं दशक. शाळेचं नाव सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. शिकवायचे मात्र उत्तम — हे मी फुशारकीनं नाही, फिर्यादीसारखं सांगते आहे. आठवीला मानवी शरीर असायचं. पचन, श्वसन, रक्ताभिसरण, आणि मग उत्सर्जन. उत्सर्जनाचा धडा आला की इतर बायका तो घाईघाईनं उरकायच्या, मुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मी नाही उरकला कधी. मी मूठ वळून दाखवायचे : एवढंसं मूत्रपिंड, पाठीशी दोन बाजूंना दोन. अंगातलं सगळं रक्त त्यातून दिवसभर पुन्हापुन्हा जातं. कामाचं असेल ते मूत्रपिंड परत घेतं, बिनकामाचं पाण्याबरोबर खाली सोडतं. निवडायला बसलेल्या बाईसारखं, म्हणायचे मी — तांदूळ सुपात, खडे बाहेर. मुलींना हे फार आवडायचं.

आणि मी विनोदी होते. हे महत्त्वाचं आहे. माझ्या तासाला वर्ग हसायचा. कोणावर हसायचा, हे सांगायलाच तर बसले आहे.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा तासाला बाहेर जायचं तर करंगळी वर करायची. ‘बाई, एकीला जाऊ?’ बाकीच्या शिक्षिका मान हलवून सोडून द्यायच्या. मी एक पद्धत काढली होती. करंगळी वर झाली की त्या मुलीला उभं करायचं आणि सांगायचं, मार्ग म्हण आणि जा. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय, मूत्रमार्ग. न अडखळता म्हटलं तर सुटका. अडखळली तर पहिल्यापासून. पाठांतर होतं, मुली उगाच उठत नाहीत, असं मी शिक्षकखोलीत सांगायचे. सगळ्यांनी वाखाणलं होतं. एकीनं तर स्वतःच्या वर्गातही सुरू केलं.

विमल गांगुर्डे आठवीत माझ्या वर्गात आली. वडील नाशिक रोडला एका छापखान्यात हमाल, राहायची तिकडच्याच बुद्धविहारामागच्या वस्तीत. दोन वेण्या, लाल रिबिनी, गणितात बरी. पहिले काही महिने मला तिचं नावही नीट आठवत नव्हतं. पावसाळा सरत आला आणि ती करंगळी वर करायला लागली. रोज. मग तासाला एकदा. मग एका तासात दोनदा. मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावून उभी, घंटा झाली तरी हलायची नाही. मी एकदा वर्गात म्हटलं, ही काय मुलगी आहे की टाकी? वरून भरते, खालून गळते. वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून तिचं नाव टाकी पडलं. मी ठेवलं ते नाव. मुलींनी नाही.

तिला मी मार्ग म्हणायला लावायचे. ती पाय जुळवून उभी राहायची, ओठ चावायची, ‘मूत्रपिंड, मूत्रवाहिनी’ म्हणायची आणि तिसऱ्या शब्दाला अडायची. येत नव्हतं म्हणून नव्हे. तुम्हीच सांगा, त्या अवस्थेत कोणाची जीभ चालेल? मला ते दिसत होतं. मी म्हणायचे, पहिल्यापासून.

जातीचा प्रश्न यात होता का? लगेच नाही म्हणावंसं वाटतं. आमच्या घरात तसलं काही नव्हतं, वडील सुधारणावादी वगैरे. पण त्याच वर्गात एका डॉक्टरांची मुलगी होती, पहिल्या बाकावर. तिची करंगळी वर झाली की मी नुसती मान हलवायचे. तिला मी एकदाही मार्ग म्हणायला लावलं नाही. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता आलं आहे, तर तेही सांगते.

मग तपासणी आली. शाळेची वार्षिक तपासणी म्हणजे काय असतं हे शिक्षकालाच ठाऊक. मुख्याध्यापिकाबाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या जागेवर माझा डोळा होता, हेही सांगून टाकते. आदर्श पाठ मी घ्यायचा ठरलं. मी उत्सर्जन संस्थाच घेतली — दुसरं कोणी धजलं नसतं म्हणून. नवा तक्ता रंगवून घेतला. तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले, बाजूला मुख्याध्यापिका. पाठ असा रंगला म्हणता! आणि ऐन मध्यात विमलची करंगळी वर.

मी पाहिली. पाहून तक्त्याकडे वळले. ती करंगळी खाली येईना. मी बोलत राहिले — मूत्राशय भरलं की मेंदूला निरोप जातो, माणूस काही काळ लघवी रोखू शकतो. बोलता बोलता मी सरळ तिच्याकडे बघितलं. ती उभी राहिली, न विचारता. मी म्हटलं, खाली बस. ती बसली नाही. तशीच उभी राहिली, आणि तिच्या पायांवरून फरशीवर धार लागली. एवढ्या शांत वर्गात त्याचा आवाजसुद्धा आला.

साहेब हसले. ‘बाई, प्रात्यक्षिकासह शिकवता वाटतं!’ झालं. सगळा वर्ग, मुख्याध्यापिका, सगळे हसले. मीही हसले. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. कोपऱ्यात फळा पुसायचं फडकं होतं ते दिलं आणि सांगितलं, पूस. बादली मागितली तिनं. नाही म्हटलं. नळावर जाऊन फडकं धुऊन आणू का म्हणाली. तेही नाही म्हटलं — पुन्हा नळाला तोंड लावशील. ओला परकर पायाला चिकटलेला, तशीच गुडघ्यांवर बसून ती पुसत होती आणि मी खुर्चीत बसून बघत होते. मला बरं वाटत होतं. हे कसं सांगू? रागानं नव्हे, अगदी गार बरं वाटत होतं. शेवटी म्हटलं, टाक ते फडकं कोपऱ्यात आणि जा. ती ‘येते बाई’ म्हणून गेली.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. मलाही वाटायचं, एवढंच सांगावं आणि संपवावं. अशा शिक्षा तेव्हा सगळेच करायचे, म्हणून हे सांगायला सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात लवकर गेले. कोपऱ्यात ते फडकं वाळून कडक झालं होतं आणि त्यावर मुंग्या होत्या. थोड्याथोडक्या नाहीत, खिडकीपासून रांग लागली होती. बाकाखाली फरशीच्या सांध्यांतही मुंग्या.

आता ऐका. रक्तात साखर फार झाली की मूत्रपिंडाला ती सगळी परत घेता येत नाही. ती लघवीतून जाते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, म्हणून सारखी तहान, म्हणून खाऊनही वाळत जाणं. पूर्वीचे वैद्य लघवीला मुंग्या लागतात का ते बघून हा रोग ओळखायचे. हे मला कोणी सांगायला नको होतं. हे मी दरवर्षी शिकवायचे! धड्याच्या शेवटी, गंमत म्हणून, मुलींना चकित करायला.

विमलचे गाल बसले होते. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. मी त्या फडक्यापाशी उभी होते आणि मला सगळं कळलं. शंका आली असं म्हणत नाही — कळलं. कळल्यावर काय करायचं होतं? तिच्या वडिलांना बोलावून एक वाक्य बोलायचं होतं, हिला आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, लघवी तपासा. डॉक्टर विचारणार, कधीपासून होतंय? मुलगी सांगणार, कधीपासून. आणि बाई काय करत होत्या, तेही सांगणार. ज्या पाठाच्या जोरावर मी मुख्याध्यापिका होणार होते, त्याच पाठात समोर लक्षण ओघळत होतं आणि विज्ञानाच्या बाई तिला फरशी पुसायला लावत होत्या — सगळ्या नाशकात बोभाटा झाला असता. मी सेविकेला हाक मारली, फडकं जाळून टाकायला सांगितलं, फरशी फिनेलनं धुऊन घेतली. मनाशी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

विमल त्या दिवशीही आली होती. तिनं करंगळी वर केली नाही. नळावरही गेली नाही. सुट्टीपर्यंत ती अशीच येत राहिली, ओठांना भेगा पडलेल्या, बाकावर डोकं टेकून. मी तिला काही बोलले नाही. लोकांना वाटलं, बाईंनी माफ केलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. उलट्या झाल्या, जोरजोरात श्वास लागला, वस्तीतल्या कोणीतरी लिंबू उतरवून टाकलं, मग दवाखान्यात नेली तेव्हा शुद्ध नव्हती. थोडी आधी आणली असती तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले, हे मला वडिलांनीच शाळेत येऊन सांगितलं. तिचं नाव कमी करायला आले होते. मी त्यांना खुर्ची दिली. शोकसभेत मी बोलले — गुणी मुलगी, कधी वर मान करून बोलली नाही. मुली रडल्या. पुढच्या जूनमध्ये मी मुख्याध्यापिका झाले.

अजून संपलेलं नाही. तुम्ही उठू नका.

ऐंशीनंतरची गोष्ट. दिंडोरीला एका मुलीच्या लग्नाला निघाले होते, सीबीएस स्टँडवर गाडीची वाट बघत. एक बाई जवळ येऊन उभी राहिली. हातात भाजीची पाटी, डोक्यावर पदर. ‘वळखलं का बाई? मी विमलची आई.’ मी ओळखलं नव्हतं, हो म्हटलं. ती शेजारी बसली नाही, माझ्यासमोर खाली उकिडवी बसली. मग जे बोलली ते जणू इतकी वर्षं तोंडाशी धरून ठेवलं होतं.

‘पोरगी रातभर पाणी प्यायची. आन् आंथरून वलं करायची. एवढी घोडी, मला लाज वाटायची वो. मी मारायची तिला. दिवस मावळला की हंडा कुलपात ठिवायची. ती म्हनायची, आये, घोटभर दे. मी नाय दिलं. डाक्टर म्हनले साखर झाली. आमच्या घरात साखर कुठली, बाई? गुळाचा च्या. ती तहानेनं मेली का वो? तुमी विज्ञानाच्या बाई हाय. खरं काय ते सांगा, मला झोप नाय.’

एक वाक्य पुरलं असतं. नाही हो, तुमच्यानं नाही, तिला आजार होता. पुढचं माझं काही सांगायलाही नको होतं. एवढं खरं मला फुकटात बोलता आलं असतं, आणि ती बाई त्या रात्री झोपली असती. पण मी ते बोलले नाही. ती समोर खाली बसली होती, वर बघत होती, आणि माझ्या मनात आलं — हिला असं वाटतंय तर वाटू दे. हिला वाटतंय तोवर कोणी शाळेकडे बघणार नाही. आणि त्याच्याही खाली, तेच गार बरं वाटणं.

मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, ‘पाणी तोडायला नको होतं तुम्ही.’

तिनं मान डोलावली. ‘मला ठावं व्हतं,’ म्हणाली. ‘बाकी समदे नाय म्हनत्यात, मला बरं वाटावं म्हनून. तुमी खरं बोलल्या.’

तेवढ्यात दिंडोरीची गाडी लागली. उठता उठता तिनं वाकून माझे पाय धरले, कपाळ टेकवलं. आणि मी ते टेकवू दिलं.