लेकराला इचारलं का?

पदर कमरेला खोचायचा, दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायचे आणि समोरच्याला विचारायचं, "लेकराला इचारलं का?" ही मावशींची रीत. पाणी किती कढत हवं, टोपडं घालायचं की नाही, पंखा लावायचा की नाही, घरात कशावरही वाद निघाला की त्यांचा हाच प्रश्न. वीस दिवसांच्या बाळाला काय विचारणार, असं म्हणणाऱ्याकडे त्या अशा काही बघत, की तो माणूस आपणहून उठून चहा टाकायला जाई.

तुमच्याही घरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला अशी कुणी आली असेल. आमच्याकडे लोणावळ्यात त्या शेजारच्या कुरवंडे गावाहून येत. अंगाने काडी, पण हाताला पैलवानाचा जोर. मी शाळेत शिकवते म्हणून मला 'मास्तरीनबाई' म्हणत आणि मी वर्गात पोरांवर डाफरते तशाच माझ्यावर डाफरत.

पहिल्याच दिवशी त्यांची नजर ताटलीतल्या शील्डवर गेली. माझ्या चिमीला जन्मल्यापासून छाती नीट तोंडात धरता येत नव्हती. दवाखान्यातल्या सिस्टरने स्तनाग्रावर बसवायच्या दोन पातळ सिलिकॉनच्या टोप्या, म्हणजे या शील्ड, दिल्या. त्या लावल्या की ती प्यायची. त्या होत्या म्हणून तिचं पोट भरत होतं, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. पण दर वेळी त्या उकळा, वाळवा, बसवा, आणि तोवर चिमी घर डोक्यावर घेई. मला त्या सोडवायच्या होत्या. सासूबाईंना त्यांच्यासकट माझं पाजणंच सोडवायचं होतं. "रबर चोखून कुणाचं पोट भरतं? पावडरीचा डबा आणू या," हे त्यांचं पालुपद. डबा वाईट असतो असं नाही. पण अंगाला दूध असताना हार मी का मानायची?

मावशींनी टोपी उजेडात धरली. "ही कशाला?"

"त्याशिवाय पीत नाही ती."

"लेकराला इचारलं का?"

"रोज विचारते. रोज रडून नाही म्हणते."

"मग पुन्ना इचारायचं. तुमची शाळंतली पोरं पयल्या झटक्यात उत्तर देत्यात व्हय?"

मग रोज आमची शाळा भरू लागली. अंघोळ झाली की त्या चिमीला माझ्या उघड्या छातीवर नुसती निजवत. "पाजू नगं. वास घिऊ दे." मग टोपी लावून सुरुवात करायची आणि ती गटागटा गिळायला लागली की टोपी चटकन काढायची. चिमी दोन घोट घेई आणि मग भोकाड पसरे. टोपी परत. असे आठ दिवस गेले. दवाखान्यात वजन करून आणत होतो, ते वाढत होतं, म्हणून माझीही खुमखुमी टिकली.

नवव्या दिवशी मावशींनी घोळ घातला. बाळाला धुरी द्यायची नाही, असं मी ठणकावलं होतं. म्हणून त्या आपल्या घरून आणलेल्या शेगडीत ओवा-शेपा टाकून टोपडं, लंगोट, दुपटं असं बाळाचं सगळं सामान धुरावर धरत. त्या दिवशी दोन्ही शील्डही धरल्या. त्या पिवळ्या पडल्या, कडा आक्रसल्या, उकळूनही वास जाईना. चिमीने जीभ लावली आणि तोंड फिरवलं.

"मावशी, हे काय केलंत?"

"लेकराची चीज हाय न्हवं? मग तिला धुरी नगं?"

मी भडकले. नव्या शील्ड पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. सासूबाई पिशवी घेऊन डबा आणायला निघाल्याच. "उद्यापासून येऊ नका," मी मावशींना म्हणाले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

मावशी उठायच्या ऐवजी खाली बसल्या. "चुकले म्या. पर येनार. माजा थोरला असाच व्हता, धरीनाच. सासू म्हनली, हिच्या अंगाला दूदच न्हाई, बकरीचं पाजा. म्या म्हनलं, तुमी कोन ठरीवनार? लेकराला इचारा. कापसाच्या बोळ्यानं माजंच दूद पाजलं, बारा दिस. तेराव्या दिशी धरलं त्यानं."

सासूबाई एका पायात चप्पल घालून दारातच थांबल्या होत्या.

मी वाटीत दूध काढून चमच्याने चिमीची भूक थोडी भागवली. मावशींनी तिला तिरकी धरून माझ्याजवळ आणलं आणि दुधाचा थेंब तिच्या ओठांना लावायला सांगितलं. दोनदा ती रडली. तिसऱ्यांदा तिने मोठ्ठं तोंड उघडलं आणि धरलं. गिळल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला. मी रडले, आणि डोळे पुसायची तसदी घेतली नाही. सासूबाईंनी चप्पल काढली.

ही उजवी बाजू. डाव्या बाजूला मात्र चिमीने साफ नकार दिला. नव्या शील्ड आल्या आणि त्या बाजूला महिनाभर लागत राहिल्या. मी ओशाळले की मावशी खेकसत, "लाज कसली? पोट भरतंय न्हवं?" आमचे दिवस संपून त्या दुसऱ्या घरी जायला लागल्या, तेव्हाही डावीकडची टोपी सुटलेली नव्हती. "इचारत ऱ्हा," एवढंच जाताना म्हणाल्या.

चिमी दहा महिन्यांची असताना मावशी गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "अंगावरचं पोर घेऊन सुतकाच्या घरी जात नाहीत." मी चिमीला कडेवर घेतलं आणि रिक्षा थांबवली.

कुरवंड्यात त्यांच्या अंगणात माणसं बसली होती. भिंतीशी त्यांची शेगडी पालथी घातलेली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तेवढ्यात चिमी भुकेने किरकिरू लागली. एक म्हातारी पुढे आली. "हितं नगं पाजू, बाई. मयताचं घर हाय. गडीमानसं बसल्यात."

मी शेगडीशेजारी मांडी घातली आणि ओढणी बाजूला सारली. "आजी, लेकराला इचारलंय मी," म्हणाले.

चिमीने मोठ्ठं तोंड उघडलं आणि टोपीशिवाय डावीकडे प्यायला लागली.