वारणेकाठचा आवाज

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सांगलीत विश्रामबागला राहणारी, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी बाई... पण हे माझ्याच कानांनी ऐकलंय.

सत्तरच्या दशकात मला हौशी रेडिओचा नाद लागला. परवाना काढायचा, सेट स्वतः बांधायचा आणि दूरच्या माणसांशी बोलायचं. त्यातूनच तात्यांची ओळख झाली. लष्करातले निवृत्त सिग्नलमन. गाव शिराळ्याकडचं, वारणेकाठी. रोज संध्याकाळी बोलणं व्हायचं — ऊस, पाऊस, सून सुनंदाचे दिवस भरत आलेत...

त्या वर्षी वारणेला पूर आला. रस्ते, टेलिफोन सगळंच बंद. मी सेट उचलून कलेक्टर कचेरीत नेला. तात्या गावोगावची खबर द्यायचे, त्यावरून धान्य-औषधं कुठे पाठवायची ते ठरायचं. मग एका सकाळी त्यांचा आवाजच थांबला.

दुपारी अचानक आला. खरखर अजिबात नाही, जणू शेजारी बसून बोलतायत — "बाई, सुनंदा अडलीय. पोर आडवं हाय. होडी देवळामागनं लावा, म्होरं वढ लय हाय."

शेजारी उभ्या नायब तहसीलदारांनीही ते ऐकलं. मी म्हटलं, "तात्या, होडी निघतेय. धीर धरा." उत्तर आलं नाही. नायब तहसीलदारांनी कोकरूडला थांबलेल्या जवानांना वायरलेसवरून कळवलं. होडी देवळामागूनच लागली. संध्याकाळी निरोप आला — मुलगी झाली, दोघी सुखरूप. कचेरीत सगळ्यांनी चहा घेतला. मी तर रडत रडतच प्याले.

पूर ओसरल्यावर तात्या पेढे घेऊन घरी आले. तुम्ही वेळेवर बोललात म्हणून जमलं, असं मी म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, बॅटरी सकाळीच पाण्यात गेली होती, सेट माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. ते सुनेच्या उशाशी बसून मला सगळं सांगत होते... पण मनातल्या मनात.

"मग होडी दिसल्यावर नवल नाही वाटलं?"

"न्हाई बाई. सुनंदाच आदी म्हनाली, 'मामंजी, होडी निघतीय, धीर धरा म्हनत्यात सांगलीच्या बाई.'"

रेडिओलहरी मी पुढे वर्षानुवर्षं शिकवल्या. हे त्यात कुठेच बसलं नाही. सुनंदाची लेक मला मावशी म्हणते, आणि मला तेवढं पुरतं.