सुसरीची सोयरीक

आमच्या घराण्याचं देवक सुसर. परतूर तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. पाण्यात सुसर दिसली तरी आमच्यात कुणी दगड उचलत नाही, लग्नात कणकेची सुसर करून पुजतात. दोन घरांचं देवक एक निघालं की ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. तरी माझी जीभ घसरलीच.

साल दोन हजारच्या आगेमागे मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. मंठ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, त्यांचं देवक मोरपीस. मला तो मनापासून आवडला होता. घरच्यांचीही पसंती झाली होती, आता फक्त सुपारी फुटायची होती. बैठकीत मुलाचे आजोबा सहज म्हणाले, "पोरी, काय शिकून राह्यलीस?"

कुणी विचारलं की मला राहवत नाही. म्हटलं, प्रत्येक जिवाच्या पेशीत पूर्वजांकडून आलेला मजकूर असतो. तो ताडून बघितला की कोण कुणाचं ते कळतं. "आता सुसर घ्या. दिसते घोरपडीसारखी. पण तिचं सगळ्यात जवळचं नातं निघालं पाखरांशी. चिमणी, कोंबडी, मोर."

आजोबांनी बशी खाली ठेवली. "मोर?"

"हो."

"मंग हे तर भाऊबंद झाले. सोयरीक होत न्हाई."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते उठून पायताण शोधायला लागले. 

"अहो आजोबा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं नातं आहे ते!"

"भावकी जुनी झाली म्हणून तुटती का?"

 मुलगा खाली मान घालून बसलेला. माझे वडील, दादा, माझ्यावर खेकसले, "सांग, पुस्तकात चूक हाय म्हणून. बोल जल्दी!"

मी तोंड उघडलं, पण ते शब्द येईनात. "चूक नाही, दादा," एवढंच आलं. झालं, संपलं सगळं, असं वाटून मला रडू फुटलं.

तेवढ्यात आई दारात आली. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नसे. "आबा, कोंबडीबी त्यातलीच म्हणती पोरगी. मंग तुमच्या घरी पाव्हणे आले की काय शिजतं?"

वडिलांनी कपाळाला हात लावला. आजोबा पायताणात एक पाय घालून तसेच उभे. म्हणाले, "खरं हाय. भावकी खायाची का भावकीत सोयरीक करायची, दोन्हीतलं एक सोडावंच लागंल." आणि येऊन जागेवर बसले. "फोडा सुपारी."

म्हातारा चेष्टेवर आला, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही.

लग्न झालं. सासरी पहिल्यांदा कोंबडी शिजली तेव्हा आजोबांना वाढायला मी गेले. त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"का हो आजोबा?"

"सोडली. त्या दिवशी बोलल्तो न्हवं?"

 ज्यांनी मला हे शिकवलं त्यांनी कोंबडी सोडली नव्हती, मी सोडली नव्हती. या माणसानं मला नातसून करून घेण्यासाठी सोडली, ती मरेपर्यंत.

आत चुलीपाशी माझ्यासाठी तंगडी काढून ठेवलेली होती. मी जेवायला बसले आणि ती तंगडी परत पातेल्यात ठेवली.