व्याह्यांसाठी पेरलेल्या शिंपल्या

"शिंप्याने शिंपल्या नाही काढायच्या, तर काय सुताराने?" हा विनोद शिंपीमामांनी जन्मभर वापरला, उसवला की पुन्हा शिवून वापरला. एका सदऱ्यासाठी गिऱ्हाइकाला चकरा मारायला लावणारे मामा ओहोटीची वेळ मात्र कधी चुकवत नसत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची, खुरपं नि बादली घ्यायची आणि खाडीच्या चिखलात उकिडवं बसायचं. पोटासाठी नव्हे, निव्वळ हौसेसाठी. बारीक शिंपल्याही ते सोडत नसत. "मोठ्या होऊन त्या काय दिवे लावणार आहेत?" असं वर म्हणायचे.

मग खाडीच रिकामी झाली. मामांनी कारखान्याच्या पाण्याला शिव्या घातल्या, दुसऱ्या हौशी लोकांना घातल्या. स्वतःला तेवढं वगळलं. बादली कोरडी परतायची, पण तोंडाची टकळी थांबत नव्हती. लेकीचं लग्न ठरल्यावर तर त्यांनी व्याह्यांनाच ऐकवलं, "या एकदा, तुमच्या हाताने शिंपल्या काढायला लावतो."

व्याही खरंच निघाले. मामी म्हणाल्या, "आता काय काढून दाखवणार? अब्रू?"

मामांनी बाजारातून तळ्यात वाढवलेल्या शिंपल्या आणल्या आणि पाहुण्यांच्या आधी जाऊन चिखलात पुरल्या. हाताला वळणच तसं, त्यामुळे धावदोरा घालावा तशा सरळ पुरल्या.

"अहो, या तर ओळीने बसल्यात!" व्याही हरखले.

"शिस्तीची खाडी आहे आमची," मामा म्हणाले.

व्याह्यांना भलताच चेव चढला. ओळ सोडून त्यांनी पलीकडे खुरपं मारलं, तोच चिखलातून बारीक पिचकारी थेट त्यांच्या चष्म्यावर उडाली. खाली एक काळपट, जाड शिंपली होती. मामांनी पुरलेल्या सगळ्या पांढऱ्या होत्या.

मामा रांगतच जवळ आले. इतका आनंद त्यांना लेकीचं लग्न ठरल्यावरही झाला नव्हता. व्याही ती बादलीत टाकणार, एवढ्यात मामांनी झडप घालून हिसकावली.

"ही नको! ही खरी आहे!"

व्याह्यांनी चष्मा पुसला, बादलीत डोकावून पाहिलं. "मग या?"

सोयरीक, अब्रू, मामींचं तोंड, सगळं मामांना एकदम आठवलं. तरी त्यांनी आधी शिंपली खड्ड्यात ठेवली आणि वर ओला चिखल लोटला.

"त्या विकतच्या. सगळ्या तुम्हीच न्या," ते म्हणाले. "पण हिला राहू द्या, व्याहीबुवा. पाया पडतो तुमच्या."

लग्नाच्या बोलणीत मामा कुणाच्याही पाया पडले नव्हते.