राक्षसमास्तर आणि मूठभर भात

माणूस किती भ्यालाय हे मास्तर सांडलेल्या भातावरून ओळखायचे.

नवं काही लिहून झालं की ते मला पडवीत बसवून वाचून दाखवायचे, भर दुपारी. वाचून संपलं की म्हणायचे, "जा हौसा, कोठीतून एक मूठ भात घेऊन ये." आमची कोठी घराच्या मागच्या अंगाला होती. तिला खिडकी नव्हती आणि आत भाताच्या कणग्या माणसांसारख्या उभ्या असायच्या. मी जायची, मूठ भरायची आणि परत यायची. मास्तर माझ्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. माझ्यामागं जमिनीकडं बघायचे. वाटेवर भात सांडलेला दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. भात सगळा मुठीतच राहिला असेल तर ती पानं फाडून आईकडं चुलीला द्यायचे.

"लेखक म्हणं! माझी चूल ह्यांच्या राक्षसांवर चालतीया," आई म्हणायची आणि सांडलेल्या भातावर कोंबड्या सोडायची.

मास्तर मोठे लेखक होते. पुण्याच्या एका मासिकात त्यांची 'तेरा दारांचा डोंगर' ही अद्भुत कादंबरी दर महिन्याला यायची. त्या डोंगराला तेरा दारं, आणि प्रत्येक दारामागं माणसानं न पाहिलेलं काहीतरी. शहरातली मुलं म्हणे मासिकासाठी दुकानापुढं रांगा लावायची. आमच्या धरणाकाठच्या गावात ते कुणी वाचलेलं नव्हतं. ह्यांच्याजवळ राक्षस आहेत एवढंच गावाला कळलं होतं, म्हणून नाव पडलं राक्षसमास्तर.

त्यांना दमा होता. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहा म्हणून सांगितलं होतं. माझा बा कुठल्याशा उताऱ्यासाठी पौडला कचेरीत गेला होता, तिथं बाकावर हे धापा टाकत बसलेले. "इथं कुठं खोली मिळेल का?" एवढं विचारायलाही त्यांना दम नव्हता, कागदावर लिहून दाखवलं. बानं त्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं आणि पुढच्या दोन खोल्या दिल्या. दोन महिन्यांसाठी आलेला माणूस पाच वर्षं राहिला.

मी तेव्हा अकरा वर्षांची. चौथी पास झाले होते. पुढची शाळा पौडला, म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं. मी जात्याच भित्री. मास्तर उंच, वाळलेले, अंगात बारा महिने काळा कोट, आणि खोकला असा की भिंतीपलीकडं कुणीतरी कुणाला मारतंय असं वाटावं. त्यांचं जेवणाचं ताट मी उंबऱ्यावर ठेवायची आणि पळायची. एक दिवस आतून आवाज आला, "थांब! मीही तुला घाबरलोय. आधी तू पळ, मग मी ताट घेतो." मी पळाले खरी, पण त्या दिवशी पहिल्यांदा हसत पळाले.

ते खरंच भित्रे होते. दाराकडं पाठ करून बसायचे नाहीत. पाल दिसली की बाला हाक मारायचे. वीज चमकली की कानात बोटं घालून रामाचं नाव घ्यायचे. एकदा बा म्हणाला, "मास्तर, येवडे राक्षस पाळता आन् पालीला भेता व्हय?"

मास्तर म्हणाले, "भीती वाटते म्हणून तर लिहितो. ज्याला भीती वाटत नाही त्यानं तलाठी व्हावं."

"तलाठ्याला बी वाटती," बा म्हणाला, "मामलेदाराची."

ते लहानपणी पोरके झाले होते. चुलतीनं वाढवलं. काही चुकलं की ती त्यांना सरपणाच्या खोलीत कोंडायची, दिवसदिवस. "तिथं काहीच दिसत नसे," ते मला सांगायचे. "मग मीच एकेकाला तिथं आणून बसवलं. कुणाला शिंगं दिली, कुणाला दात दिले. रिकाम्या अंधारापेक्षा भरलेला अंधार बरा, हौसा." हे सांगताना ते हसत, पण हात मात्र कोटाची गुंडी धरून बसलेला असे.

एकदा एक म्हातारा धनगर त्यांच्याकडं आला. त्याची मेंढरं खिंडीच्या वाटेनं पुढं जाईनात. ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमचा कोन तितं बसला आसंल तर उठवा त्येला. ल्हान जिवांना तरास हुतोय."

मी तोंडाला पदर लावला. मास्तर मात्र वही घेऊन बाहेर आले. "दिसतो कसा?"

"म्या कुटं पाह्यला? मेंढरांनी पाह्यला."

मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्याला वर बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "मी सांगून बघतो त्याला." चार दिवसांनी मेंढरं त्या वाटेनं गेली. बिबट्या पुढं सरकला असणार, असं बा म्हणाला. धनगर मात्र एक घोंगडी ठेवून गेला. पुढच्या महिन्यात सहाव्या दारामागं जे निघालं ते कुणालाच दिसत नव्हतं, फक्त मेंढरं त्याच्याकडं बघत उभी होती. ते ऐकून मी कोठीत गेले ती मोकळ्या हातानंच परत आले.

सगळ्यांत जास्त मी भ्याले ते नवव्या दाराला. त्यात एक बाई होती. तिचं गाव पाण्याखाली गेलेलं. ती ओल्या पायांनी पाण्यातून वर यायची आणि घरोघरी जाऊन विचारायची, "माझं दार कुठाय?" ज्यानं दार उघडलं त्याला म्हणायची, "हे बघा, सापडलं." पुढं ती काहीच करायची नाही. नुसती आत येऊन बसायची, आणि घरातली माणसं एकेक करून बाहेर निघून जायची.

मास्तर वाचत होते तेव्हा आई दाराआड उभी होती. तिचं माहेर धरणात गेलं होतं. वाचून झाल्यावर ती बाहेर आली. "माजी आय शेवटी शेवटी आसंच इचारायची," एवढंच बोलली. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी पानं आईपुढं धरली. "मला माहीत नव्हतं, बाई. तुम्ही नको म्हणालात तर आत्ता फाडतो."

आई म्हणाली, "छापा. निदान कागदावर तरी तिला दार घावंल."

ते छापून आलं आणि मास्तरांचं नाव आणखी मोठं झालं. मी मात्र कितीतरी दिवस उघडं दार दिसलं की आधी खाली जमीन बघायची, ओली आहे का म्हणून.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचा दमा बळावला. वीस दिवस अंथरुणात बसून, उशी पोटाशी धरून त्यांनी दहावं दार लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी कोठीत गेले आणि गच्च भरलेली मूठ घेऊन परत आले. मला भीती वाटलीच नाही. त्यांनी माझ्यामागची कोरडी, स्वच्छ जमीन पाहिली. वीस दिवसांची पानं फाडली. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. डोळे मिटून पडलेले, श्वासाचा आवाज पडवीपर्यंत येत होता. मला वाटलं, मी ह्यांना मारलं.

दिवाळीला त्यांनी दहावं दार नव्यानं लिहून पुन्हा वाचलं. पुन्हा मला काही झालं नाही. मी कोठीत गेले, मूठ भरली, आणि येताना हळूच बोटं सैल केली. भात सांडत सांडत आले. मास्तरांचा चेहरा असा खुलला की मला रडू आलं. ते त्यांना भीतीचंच रडू वाटलं.

मग तसंच चाललं. दहावं दार गेलं, अकरावं गेलं, बारावं गेलं. पुण्याहून वाचकांची पत्रं येऊ लागली. मास्तर ती वाचून बाजूला टाकायचे. "म्हणतात, पूर्वीसारखी भीती वाटत नाही. ह्यांना काय कळतंय! माझी हौसा भ्याली की!" खरं सांगावं तर हा माणूस राहणार नाही, आणि न सांगावं तर ह्याचं नाव माझ्यामुळं जाणार. मी कुणाला विचारणार?

मला राक्षसांची भीती का वाटेनाशी झाली होती ते मला ठाऊक होतं. माझं लग्न ठरलं होतं. माण गावाला दिलं होतं मला, मोठ्या खटल्यात. ते घर मी पाहिलं नव्हतं. रात्रंदिवस त्या घराचीच भीती आत भरलेली, तिथं दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

तेराव्या दाराचं वाचन झालं ते चैत्रात. मी नेहमीसारखी भात सांडत आले. मास्तर काठी टेकत उठले आणि कोठीपर्यंत ती वाट बघत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"तू शेतकऱ्याची पोर," ते म्हणाले. "हे सांडलेलं नाही. हे पेरलंयस. एका अंतरानं, एका ओळीत. भ्यालेल्याच्या हातून भात असा पडत नाही. कधीपासून?"

म्हटलं, "दिवाळीपासनं."

"तीन दारं," ते म्हणाले. ओरडतील, मारतील, खाली कोसळतील असं मला वाटलं. ते भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "मग आता तुला भीती कशाची वाटते?"

हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून शब्द निघत नसत, पण त्या दिवशी निघाले. म्हटलं, "माणच्या घराची. तितली चूल मला म्हाईत न्हाई. काड्याची पेटी कुटं ठेवत्यात त्ये म्हाईत न्हाई. आन् लगीन झालं की माजं नाव बदलत्याल. मागनं हाक मारली आन् मी वळलेच न्हाई, तर? त्ये म्हनत्याल, पोर बहिरी हाय. आन् मी म्हनन, ही कुनाला बोलावत्यात?"

मास्तर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात कोटाच्या गुंडीवर गेला. "हो," ते हळूच म्हणाले, "हे भयंकर आहे." माझी समजूत काढली नाही, सगळं ठीक होईल असंही म्हणाले नाहीत. त्यांनी तेरावं दार फाडलं आणि त्याच दुपारी पुन्हा लिहायला बसले. आठ दिवस लिहीत होते. ते मात्र मला वाचून दाखवलं नाही. "ह्याला भात नको," एवढंच म्हणाले.

वैशाखात माझं लग्न झालं. निघताना मी त्यांच्या पाया पडले. "खोटं बोलले मी तुमच्याशी," म्हटलं. ते म्हणाले, "माझ्यावर दया करून बोललीस. पण लेखकावर दया करू नये, हौसा. जा आता. आधी तू पळ."

पंचमीला बा मला न्यायला आला तेव्हा कळलं, मास्तर गेले. श्रावण लागला त्याच दिवशी. बानं त्यांचा कोट जपून ठेवला होता, पण न्यायला कुणी आलं नाही.

माणला माझं नाव शालिनी ठेवलं होतं. आणि जे होईल म्हणून भ्याले होते तेच झालं. दोनदा हाक मारूनही मी वळले नाही. सासूबाई कडक. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या पायांचा आवाज आला तरी माझ्या हातातलं भांडं वाजायचं.

माझे मालक भाजी घेऊन पुण्याला जायचे, येताना जुनी मासिकं आणायचे. जेवणं झाली की ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवायचे. थंडीचे दिवस होते. एक दिवस त्यांनी वाचायला घेतलं, 'तेरा दारांचा डोंगर, दार तेरावं.' मी दाराआड उभी होते.

तेराव्या दारामागं राक्षस नव्हता. सारवलेलं, चांगलं घर होतं. दिवा लावलेला, माणसंही चांगली. एक मुलगी त्यात जाते. काड्याची पेटी कुठं ठेवतात हे तिला माहीत नसतं. मागून कुणीतरी भलत्याच नावानं हाक मारतं. ती वळत नाही. हाक पुन्हा येते, आणखी जवळून. तिला वाटतं, ही कुणाला बोलावतात? तिथंच ते संपत होतं. खाली छापलं होतं की लेखकाच्या निधनामुळं कथा इथंच थांबत आहे.

माझं बोलणं होतं ते, शब्दन् शब्द. आता सगळ्यांना कळणार, सून ह्या घराला राक्षसाचं घर म्हणाली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमिनीनं पोटात घ्यावं.

आत्याबाई वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला होता. "म्होरं?" त्यांनी विचारलं.

"म्होरं न्हाई. लिवनारा गेला."

आत्याबाई कुणाकडंच न बघता म्हणाल्या, "मला बी आसंच झालतं. धा-बारा दीस. माजा सासरा म्हनायचा, ठेंगनी बी हाय आन् बहिरी बी." सगळे हसले. त्याही हसल्या, पण वात त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मी कसंबसं विचारलं, "आत्याबाई, म्हायेरचं नाव काय तुमचं?"

त्यांनी आधी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. म्हणाल्या, "ठकू." आणि लाकूड आत सारलं.

पुढं कैक वर्षं त्या मला अधूनमधून विचारायच्या, "शाले, वळली आसंल का गं ती पोरगी?" हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण एकदा दया करून खोटं बोलून झालं होतं. मी म्हणायची, "ठावं न्हाई, आत्याबाई."

एकदा घरात कुणी नव्हतं. त्या अंगणात माझ्याकडं पाठ करून धुणं वाळत घालत होत्या. मी उंबऱ्यात उभी राहिले. सून सासूचं नाव घेत नाही, हे मला कळत होतं. कोठीत जाताना कधी धडधडली नव्हती तेवढी छाती धडधडत होती. मी हाक मारली, "ठकू!"

आणि त्या वळल्या.