वच्छलाकाकूंचा कडक पिझ्झा

आमच्या शेजारच्या वच्छलाकाकू ट्रकवर जाणाऱ्या मुलासाठी, अमृतसाठी, कडक भाकरी करायच्या. अपघातात अमृत गेला आणि त्यांनी पिठाला हात लावणं सोडलं. लोक म्हणाले, सावरतील. त्या सावरल्या नाहीत.

परवा अमृतच्या मुलीनं, अपेक्षानं, आम्हाला घरी पिझ्झा करायला बोलावलं. मैदा फुगला, पण लाटायला कुणालाच जमेना. काकू पुढं आल्या. पातळ थापून, तव्यावर फडक्यानं दाबून त्यांनी पिझ्झे कडक केले.

"आज्जी, पिझ्झा मऊ असतो की."

"मऊ वाटंत टिकत न्हाय."

चीज घालण्याआधी त्यांनी त्यातले दोन पिझ्झे बाजूला काढले, फडक्यात बांधले आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवले. अमृत तिथूनच भाकरी घेऊन निघायचा.

अपेक्षानं गाठोडं सोडलं, आत शेंगा चटणीची पुडी ठेवली आणि पुन्हा तिथंच अडकवलं.